मोडलं कुणी?

पाचशेची नोट पुढे केली की दुकानदार विचारतो, "मोड नाही का?" मटकी भिजवून फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी तिला मोड येतात. हाड मोडतं, एफडी मोडतात, शब्द मोडतात, लग्न मोडतं. आणि रोजच्या बातम्यांना आपण 'घडामोडी' म्हणतो. घडणं आणि मोडणं एकाच पिशवीत. भाषेचे अभ्यासक यातल्या कुठल्या शब्दाचं मूळ कुठे लावायचं ते लावोत, कानाला मात्र हे सगळे एकाच घरातले वाटतात.

वस्तूंच्या बाबतीत आपण मोडण्याकडे बऱ्यापैकी समजूतदारपणे बघतो. एफडी मोडली म्हटल्यावर समोरचा विचारतो, "का रे, काही अडचण?" माणसांच्या बाबतीत हा समजूतदारपणा कुठे जातो कुणास ठाऊक. "मोडलं" म्हटलं की पहिला प्रश्न "कुणी?" असा येतो, आणि जो मोडताना दिसला त्याच्या नावावर सगळं खातं टाकून आपण मोकळे होतो.

मला या सवयीबद्दल लिहायचं आहे. रस्ता जरा लांबचा आहे, एका एन्झाइमच्या गल्लीतून जातो. कारण माझ्या समजुतीप्रमाणे ही सवय घरातून निघून प्रयोगशाळेतही जाऊन बसली होती, आणि तिथे तिची किंमत आजारी माणसांनी मोजली.

मी बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी केलं आणि नंतर तीन वर्षं पुण्यातल्या एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट होते. माझं मुख्य काम मोडण्याचंच होतं. बाळंतपणानंतर नाळ एरवी टाकून दिली जाते. आईनं लेखी संमती दिली असेल तर ती बर्फाच्या डब्यात आमच्याकडे यायची. ती धुवायची, कात्रीनं तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे करायचे, त्यावर एन्झाइमचं द्रावण ओतायचं आणि ३७ अंशांवर हलत्या वॉटर बाथमध्ये ठेवायचं. काही वेळानं ते रबरासारखे बुळबुळीत तुकडे विरघळत जातात, पाणी गढूळ आणि दाट होतं, आणि आत अडकून बसलेल्या पेशी सुट्ट्या होऊन तरंगायला लागतात. आम्हाला त्या पेशी हव्या असायच्या. लवकर थांबवलं तर पेशी सुटत नाहीत. उशीर केला तर एन्झाइम पेशींनाही सोडत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी डिशमध्ये निम्म्या मेलेल्या. घड्याळ आणि गढूळपणा यांच्याकडे आलटूनपालटून बघत बसणं, एवढंच त्यातलं कौशल्य.

ते एन्झाइम म्हणजे कोलॅजनेज. आमच्या फ्रीझरमधल्या छोट्या बाटलीवर ज्या जिवाणूचं नाव होतं, क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम, त्याची ओळख १९१६ साली पटली, पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या कुजलेल्या जखमांमधून. हा जिवाणू मांसाचं अक्षरशः पाणी करतो. २०१० साली अमेरिकेच्या एफडीएनं याच जिवाणूच्या कोलॅजनेजच्या इंजेक्शनला एका वेगळ्याच कामासाठी मान्यता दिली. काही लोकांच्या तळहाताच्या कातडीखाली कोलॅजनची टणक दोरी तयार होत जाते आणि करंगळी, अनामिका तळव्याकडे वळून तशाच अडकतात. त्या दोरीत इंजेक्शन दिलं की ती कमकुवत होते आणि बोट सरळ करता येतं. खंदकात माणसं मारणारं ते हेच, आणि हात सोडवणारंही हेच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कोलॅजन म्हणजे काय, ते थोडक्यात. शाळेत आपण 'संयोजी ऊती' असा शब्द पाठ केला होता (आणि एन्झाइमला 'विकर', दोन्ही शब्द परीक्षा संपल्यावर कुणी वापरल्याचं ऐकलेलं नाही). पेशी म्हणजे विटा धरल्या तर त्यांच्यामधला चुना, त्यांना बांधणाऱ्या दोऱ्या, भोवतीची चौकट, हे सगळं संयोजी ऊतीत येतं. त्यातली मुख्य दोरी कोलॅजन. आपल्या शरीरातल्या प्रथिनांचा जवळपास तिसरा हिस्सा हाच. तीन पेडांची वेणी असते ती. हे मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी १९५४-५५ मध्ये मांडलं. वेणी इतकी घट्ट असते की शरीराच्या तापमानाला नेहमीची प्रथिनं पचवणारी एन्झाइम तिच्यावर दात घासून परत जातात. चामडं टिकतं ते याच्याच जोरावर. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावतात तेव्हा या वेण्या एकमेकींना आणखी जखडल्या जातात आणि मग त्यांना मोडणारं जवळपास काही उरत नाही. कोल्हापुरी चप्पल वर्षानुवर्षं चालते. पण ती कातडी वाढत नाही, तिची जखम भरत नाही. तिला मोड नाही, हे खरं. तिच्यात जीवही नाही.

म्हणून एक साधा प्रश्न कित्येक वर्षं सुटत नव्हता. कोलॅजन इतकं चिवट, तर बेडूकमाशीचं शेपूट जातं कुठे? बेडूक होताना ते शेपूट गळून पडत नाही. काही दिवसांत आतल्या आत नाहीसं होतं, दोऱ्यांसकट. म्हणजे कुणीतरी त्या दोऱ्या कापत असणार. लोकांनी ऊती वाटून, त्यांचा अर्क काढून शोधलं, तर कापणारं काहीच सापडत नव्हतं.

१९६२ साली जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी बॉस्टनमध्ये वाटणं सोडलं. शेपटीचे छोटे जिवंत तुकडे त्यांनी कोलॅजनच्या जेलवर नुसते ठेवले आणि वाट बघितली. तुकड्यांभोवतीचं जेल विरघळून स्वच्छ वर्तुळं पडली. कापणारं होतं, पण ते साठवून ठेवलेलं नव्हतं. जिवंत ऊती गरज पडेल तसं ते तयार करत होती. मारून, वाटून शोधणाऱ्यांना ते सापडणं अवघडच होतं.

त्याच वर्षी फ्रेडरिक वोस्नर या मायामीतल्या बायोकेमिस्टचा एक शोधनिबंध आला. त्याचा विषय मला शेपटीपेक्षाही आवडतो: व्यायल्यानंतर उंदरिणीचं गर्भाशय. गरोदरपणात त्यात कोलॅजनचा ढीग जमतो आणि पिल्लं झाल्यावर चार-पाच दिवसांत त्यातलं बहुतेक नाहीसं होतं. वोस्नरनं पुढची कित्येक वर्षं हे कोण करतं, याच्यामागे घालवली. १९८८ मध्ये त्याच्या लॅबनं उंदराच्याच गर्भाशयातून अशा एका लहान एन्झाइमला शुद्ध रूपात वेगळं काढलं. माणसातही हेच चालतं. बाळंतपणानंतर जवळजवळ किलोभराचं गर्भाशय साधारण सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येतं. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात, तो हिशोब कुणी कसा बसवला असेल तो असो, आत त्या काळात एक प्रचंड मोडकाम चाललेलं असतं, हे नक्की. त्याआधी बाळ बाहेर येण्यासाठी गर्भाशयाचं तोंड मऊ व्हावं लागतं, तिथेही कोलॅजनची घट्ट वीण सैल व्हावी लागते. म्हणजे आपण प्रत्येक जण इथे आलो ते आईच्या शरीरातली एक वीण वेळेवर सुटली म्हणून.

या कापणाऱ्यांचं आता मोठं कुटुंब माहीत आहे, माणसात २३ जणांचं. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज असं लांबलचक नाव, लॅबमध्ये सगळे 'एमएमपी' म्हणतात. प्रत्येकाच्या मध्यभागी जस्ताचा एक अणू, तीच कात्री. आणि ही कात्री जन्मतः कुलूपबंद असते. एन्झाइमचाच एक भाग त्या जस्तावर झाकण घालून बसलेला असतो. तो निघाल्याशिवाय कात्री चालत नाही. शिवाय आजूबाजूला कात्रीला मिठी मारून बंद पाडणारी दुसरी प्रथिनं फिरत असतात. म्हणजे कापायचा हुकूम, कुलूप काढणं, आणि पहारेकऱ्यानं बाजूला होणं, हे सगळं जमलं तरच वेणी कापली जाते. तीही एकाच ठराविक जागी, पाऊण आणि पाव अशा दोन तुकड्यांत. पुढचं उलगडणं शरीराची ऊब करते. यापेक्षा कमी बेभान मोडणारा मी तरी पाहिलेला नाही.

पण या कुटुंबाचं नाव झालं ते दुसऱ्याच कारणानं. संधिवातानं सुजलेल्या सांध्यात शोधलं तर कोलॅजनेज हजर. हिरड्या खराब होऊन दात हलायला लागले, तिथे हजर. १९८० मध्ये लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्या ट्यूमर पेशी शरीरभर जास्त पसरतात, त्यांच्यात पेशींखालचं कोलॅजनचं अस्तर मोडण्याची ताकदही जास्त असते. बस. जिथे नुकसान तिथे हे सापडतात, तेव्हा नुकसान हेच करतात. कर्करोग कुंपण तोडून पसरतो, तर कुंपण तोडणाऱ्याचे हात बांधा.

हा विचार मूर्खपणाचा नव्हता, हे मुद्दाम सांगते. उंदरांमध्ये हात बांधणारी औषधं चाललीही होती. ट्यूमर हळू वाढत होते. नव्वदच्या दशकात ब्रिटिश बायोटेक या ऑक्सफर्डच्या कंपनीनं मॅरिमास्टॅट नावाची गोळी आणली. सगळ्या एमएमपींना सरसकट बांधणारी. इतर मोठ्या कंपन्याही आपापलं औषध घेऊन धावत होत्या. ही शर्यत हजारो रुग्णांपर्यंत गेली, आणि त्यातले बरेच असे होते ज्यांच्याकडे दुसरा उपाय फारसा उरला नव्हता.

ही औषधं बहुतेक ठिकाणी चालली नाहीत. बायरच्या औषधाची स्वादुपिंडाच्या कर्करोगातली चाचणी तर मध्येच थांबवावी लागली. २७७ रुग्ण होते. जुनी केमोथेरपी मिळालेल्यांचं मध्यक आयुष्य ६.५९ महिने, नव्या औषधावरच्यांचं ३.७४ महिने. हा फरक मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला तो दशांश चिन्हासकट पाठ झाला. तीन महिने म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात असा आजार येऊन गेला आहे त्यांना सांगावं लागत नाही.

आणि मॅरिमास्टॅट घेणाऱ्यांचं अंग आखडायला लागलं. आधी हाताचे छोटे सांधे, मग खांदे. काहींचा खांदा गोठून बसला. काहींच्या तळहातात टणक दोऱ्या येऊन बोटं वळायला लागली. वर सांगितलेली तीच वळलेली बोटं, जी सोडवायला पुढे कोलॅजनेजचं इंजेक्शन आलं. ज्याला आपण विध्वंसक म्हणून पकडलं होतं, तो रोज रात्रंदिवस आपला खांदा फिरता ठेवत होता. त्याला बांधल्यावर ते कळलं.

नंतरच्या वर्षांत बाकीचं पुढे आलं. उंदरांवर औषध चाललं ते आजाराच्या सुरुवातीला; माणसांना दिलं ते आजार पसरून गेल्यावर, जेव्हा कुंपण केव्हाच ओलांडलेलं होतं. शिवाय ट्यूमरमध्ये सापडलेल्या यातल्या कित्येक एन्झाइमांचं उत्पादन कर्करोगाच्या पेशी करतच नव्हत्या, शेजारच्या साध्या निरोगी पेशी करत होत्या. आणि सगळ्यात चटका लावणारी गोष्ट स्पेनमधून २००३ मध्ये आली. या कुटुंबातला आठ नंबरचा सदस्य ज्या नर उंदरांमधून काढून टाकला होता, त्यांना त्वचेचे ट्यूमर कमी नव्हे, जास्त झाले. म्हणजे घटनास्थळी सापडलेल्यांपैकी निदान एक जण आग विझवायला आलेला होता. पोलिसांनी त्यालाही धरून नेलं होतं.

इथे मला माझ्या घरातली गोष्ट सांगायची आहे. ताईला विचारून लिहिते आहे.

ताईचा घटस्फोट झाला त्याला चार वर्षं झाली. परस्परसंमतीनं, कोर्टात आवाज न चढवता. त्या घरात मारहाण नव्हती, दारू नव्हती, बाहेरची भानगड नव्हती. त्यामुळे आमच्या नातेवाइकांची पंचाईत झाली. मारलं असतं तर त्यांनी ताईची बाजू घेतली असती. अशी माणसं आहेत ती, वाईट नाहीत. पण सांगण्यासारखं काही नव्हतं, निदान एका वाक्यात सांगण्यासारखं. पगार ज्या खात्यात जायचा त्याचं कार्ड तिच्याकडे नसायचं. माहेरी यायचं तर आधी विचारायचं, आणि विचारलं की तीन दिवस घरात कुणी बोलायचं नाही. मैत्रिणी एकेक करत सुटल्या. गाणं सुटलं. सहा वर्षांत ती हळूहळू अशी झाली की फोनवर "कशी आहेस" विचारलं तर आधी क्षणभर थांबायची, जणू बाजूला कुणी ऐकतंय का बघून मग "ठीक" म्हणायची.

त्या सहा वर्षांत आमच्याकडे कुणीही म्हणालं नाही की काहीतरी मोडतंय. सही झाली त्या संध्याकाळी आत्या आल्या. हातात चहाचा कप घेऊन म्हणाल्या, "सहा वर्षांचा संसार पोरीनं एका सहीत मोडला." बाबा गप्प बसले. आई आत निघून गेली.

त्या वाक्याबद्दल मी फार विचार केला आहे. त्यात खोटं काही नाही. सही ताईनंच आधी केली. पण सहीला तारीख असते. घट्ट होत जाण्याला तारीख नसते. कापणं दिसतं, त्याला एक क्षण असतो, एक हात असतो, साक्षीदार असतात. साचत जाणं दिसत नाही. त्यात रोज जे होतं ते इतकं थोडं असतं की त्या दिवसाच्या नावावर काही लिहिताच येत नाही. नीतिशास्त्रात कृती आणि अकृती यांवर बराच खल झालेला आहे: एखाद्याला ढकलणं आणि बुडणाऱ्याला हात न देणं यात नैतिक फरक किती, वगैरे. मला त्यातला एक कोपरा कमी झाडलेला वाटतो. दोष वाटताना आपण कोणी किती नुकसान केलं यापेक्षा कोणाच्या कृतीला कडा होती हे बघतो. ज्याच्या कृतीला कड आहे, सुरुवात-शेवट आहे, तो हाती लागतो.

यकृतात हे स्पष्ट दिसतं. वर्षानुवर्षं दारू, कावीळ, चरबी, कशाचाही मारा होत राहिला की यकृत प्रत्येक जखमेवर थोडं कोलॅजन घालून ती बुजवतं. प्रत्येक वेळी योग्यच वागतं ते. पण मोडणारे कमी पडतात, त्यांच्यावरचे पहारेकरी वाढतात, आणि काही वर्षांनी मऊ यकृताचा दगड होतो. सिऱ्होसिस. तिथे मारणारं काय आहे? न मोडलं जाणं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की मारा थांबवला तर पहारेकरी मागे हटतात, कात्र्या पुन्हा चालू होतात, आणि व्रणाचा बराचसा भाग विरघळतोही. पण क्रम तो आहे. आधी मारा थांबावा लागतो.

आता एक सावधगिरी. निसर्गातलं उदाहरण घेऊन माणसांना नियम सांगायची आपल्याकडे खोड आहे. हत्तीचा कळप एकत्र राहतो म्हणून एकत्र कुटुंब चांगलं, असे फॉरवर्ड तुम्हालाही आलेले असतील. काय आहे यावरून काय असावं हे निघत नाही, हे डेव्हिड ह्यूमनं अठराव्या शतकात सांगून ठेवलंय, आणि ते अजून खरं आहे. एन्झाइमला नीती नसते. कोलॅजनेज ताईच्या घटस्फोटाचं समर्थन करू शकत नाही. उद्या एखादा म्हणेल की कर्करोगही निसर्गच, तर मी काय उत्तर देणार?

माझं म्हणणं उलट दिशेचं आहे. जीवशास्त्रानं घराला काही शिकवावं असं मी म्हणत नाही. घरानं जीवशास्त्राला जे शिकवून ठेवलं होतं त्याबद्दल बोलते आहे. जी माणसं ती औषधं बनवत होती तीही कुठल्या तरी घरात वाढलेली होती. त्यांच्या भाषेतही बांधणं चांगलं आणि तोडणं वाईट होतं. शोधनिबंधांत या एन्झाइमांसाठी 'विध्वंसक' या अर्थाचे शब्द वर्षानुवर्षं सहज येत राहिले. बेडूकमाशी आणि गर्भाशय तोपर्यंत पाठ्यपुस्तकाच्या एका ओळीत गेले होते. पुरावा होता, प्रयोग होते, या संशोधकांना आत्यांच्या ओळीत बसवणं अन्यायाचं होईल. पण सगळ्यांना सरसकट बांधून टाकू, हे इतक्या सहजपणे सुचतं आणि इतक्या जणांना पटतं, त्यात पुराव्यापेक्षा जुनं काहीतरी आहे असं मला वाटतं. बांधणाऱ्या एखाद्या एन्झाइमबद्दल आपण असं सरसकट म्हटलं असतं का?

यावर एक रास्त आक्षेप आहे. मोडणारे सगळे बिचारे नसतात. संधिवातात हीच एन्झाइम कूर्चा खाऊन टाकतात, आणि गुडघ्याची गेलेली कूर्चा परत येत नाही. माझ्या आजीचे गुडघे मी बघते, त्यामुळे यात मला रोमँटिक होता येत नाही. आणि शरीरातलं सगळंच रोज मोडून रोज घडत असतं, असं एक गोड तत्त्वज्ञान मी मध्यंतरी मनात रचत होते. त्यालाही एक खोच आहे. १९५०-६०च्या दशकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला होता. त्या खुणेवरून डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की आपल्या टाचेमागच्या स्नायूबंधाचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि मग जवळजवळ तसाच राहतो. पन्नाशीतला माणूस कॉलेजमधल्या दोरीवर चालत असतो. काही गोष्टी खरंच एकदाच घडतात, आणि त्या जपाव्याच लागतात.

याच्या दुसऱ्या टोकाला अठराव्या शतकातलं एक जहाज आहे. ब्रिटिश नौदलाच्या जॉर्ज अ‍ॅन्सनची १७४० ते १७४४ ची जगप्रदक्षिणा. खलाशांना स्कर्व्ही झाला. क जीवनसत्त्व संपलं की शरीराला नीट नवं कोलॅजन घडवता येत नाही. त्या सफरीच्या वृत्तांतात एका म्हाताऱ्या माणसाची नोंद आहे. १६९० च्या लढाईत त्याला जखमा झाल्या होत्या. त्या भरून पन्नास वर्षं उलटली होती. स्कर्व्हीत त्या जुन्या जखमा पुन्हा उघडल्या, जणू कधी भरल्याच नव्हत्या. म्हणजे तो व्रण अर्धं शतक नुसता पडून नव्हता. रोज थोडा मोडत होता, रोज थोडा घडत होता. घडणं थांबलं तेव्हा कळलं. मला यातली चव वेगळी लागते: पन्नास वर्षं ज्याला आपण 'टिकलेलं' म्हणत होतो, त्याच्यात मोडणारा एक दिवसही सुट्टीवर नव्हता, आणि त्याची तक्रारही कुणी केली नव्हती.

तेव्हा मोडणाऱ्याला सरसकट माफी द्यायला मी निघालेली नाही. टाचेचा बंध वेगळा, व्रण वेगळा, ट्यूमरच्या सुरुवातीचं कुंपण वेगळं आणि शेवटचं वेगळं. काय मोडलं जात होतं, कधी, कुणाच्या सांगण्यावरून, आणि ते मोडलं नसतं तर काय साचत गेलं असतं, हे विचारायला वेळ लागतो. आत्यांकडे त्या संध्याकाळी तेवढा वेळ नव्हता. शर्यतीतल्या कंपन्यांकडेही नव्हता. माझ्याकडे लॅबमध्ये वेळ होता, कारण घड्याळाकडे बघत बसणं हेच माझं काम होतं, आणि तरीसुद्धा त्या गढूळ पाण्यात नेमकं कधी थांबायचं याचा पक्का नियम मला कुणी सांगू शकलं नाही. सीनियर म्हणायची, "बघत राहा, कळतं." बहुतेक वेळा कळायचं.

बाबा आता ताईशी नीट बोलतात. "जुळवून घेता आलं असतं" हे वाक्य मात्र अजून अधूनमधून येतं, विशेषतः कुणाच्या लग्नाहून परत आलो की. ताई त्यावर वाद घालत नाही. ती पुन्हा गाण्याच्या क्लासला जाते, आवाज आधीसारखा लागत नाही म्हणून चिडचिड करते.

या लेखाचा कच्चा मसुदा मी तिला मोबाइलवर पाठवला. स्वतःबद्दलच्या परिच्छेदावर ती काही बोलली नाही, फक्त कार्डाबद्दलची एक चूक दुरुस्त केली. मग तिनं विचारलं, "पण ते शेपटीचं विरघळून पुढे होतं काय? जातं कुठे ते सगळं?"

मी सांगितलं की त्या दिवसांत बेडूकमाशी काही खाऊ शकत नाही. शेवाळ खरवडायचं तोंड जाऊन किडे पकडायचं तोंड तयार होत असतं, आतडंही बदलत असतं. तेवढे दिवस ती स्वतःच्या शेपटीवर जगते.

"म्हणजे पोटगीच की," ताई म्हणाली.